देशाचा वाद्यवृंद आणि मागची रांग

(वरठी, जि. भंडारा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

 

आज ऑर्केस्ट्रावर बोलायचं आहे. आता आपल्या भागात ‘आज रात्री ऑर्केस्ट्रा आहे’ म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं, ते मला सांगायला नको. गणपती, शारदा, दुर्गा उत्सवाचा मांडव, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलक, दोन गायक, एक गायिका आणि मध्ये-मध्ये शेरोशायरी करणारा निवेदक. त्या ऑर्केस्ट्राला मी हसणार नाही, त्याच्याकडे शेवटी यायचंच आहे. पण आजचा विषय दुसऱ्या ऑर्केस्ट्राचा, म्हणजे सिंफनी वाद्यवृंदाचा. देशाच्या नावाने असा वाद्यवृंद उभा करायचा प्रयत्न आपल्याकडे कसा झाला, किती वेळा झाला, आणि त्यातून काय हाती लागलं, हे बघू.

आधी हे वाद्य समजून घेऊ. हो, वाद्यच म्हणतो, कारण ऐंशी-शंभर माणसं मिळून ते एक वाद्य असतं. पूर्ण ताफा असेल तर साधारण १६ पहिली व्हायोलिनं, १४ दुसरी व्हायोलिनं, १२ व्हायोला, १० चेलो, ८ डबल बास. तारेची वाद्यंच झाली ६०. मागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्यामागे ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं, आणि शेवटी नगाऱ्यासारखी टिंपनी. सुरुवातीला ओबोवाला एक सूर देतो आणि सगळे त्याला जुळवून घेतात. पुढे उभा असतो कंडक्टर. तो तिकीट फाडत नाही, पण गाडी वेळेत नेण्याची जबाबदारी त्याचीच! प्रत्येकासमोर लिहिलेला कागद असतो आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं.

यात माझं लक्ष कुठे असतं सांगू? दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या रांगेत. पुढे उभा राहून एकल वाजवणारा प्रतिभावान कलावंत कुठल्याही देशात, कुठल्याही घरात जन्माला येऊ शकतो. तो नशिबाचा भाग झाला. मागच्या रांगेत बसून रोज नेटकं, सुरात, कागदावर लिहिलंय तसं वाजवणारी चौदा माणसं मात्र नशिबाने मिळत नाहीत. ती घडवावी लागतात. त्यासाठी शाळा लागते, मास्तर लागतो, पगार लागतो. म्हणून कुठलाही वाद्यवृंद ‘देशाचा’ आहे का, हे मी त्याच्या मागच्या रांगेवरून ठरवतो. आज हीच एक मोजपट्टी घेऊन आपण चालणार आहोत.

पहिला मोठा प्रयत्न मुंबईचा. १९३५ साली मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हाताशी कोण होतं? हौशी पारशी मंडळी, गोव्याकडचे वादक, युरोपातून आलेले काही जण. त्याच सुमारास वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत आले होते आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघत होते. रेडिओ सुरू होताना वाजणारी ती ओळखीची धून त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे ज्या धुनेने आपल्या आज्या-पणज्यांची सकाळ झाली, ती एका निर्वासिताची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेहलींचा वाद्यवृंद टिकला नाही. ते १९४५ मध्ये शिकायला अमेरिकेला गेले, परतले, आणि पन्नाशीच्या दशकात मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले. त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला. पुढचा इतिहास जगाला माहीत आहे. आपण झुबिन मेहतांचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. पण बाप आणि लेक दोघांनाही मुंबईत राहून हे काम करता आलं नाही, हे त्या अभिमानाच्या शेजारी लिहून ठेवलं पाहिजे. एका माणसाच्या जिद्दीवर उभा राहिलेला वाद्यवृंद तो माणूस गेला की आटतो. त्याच्यामागे शाळा नव्हती.

दुसरा प्रयत्न सरकारचा. त्याआधी एक छोटी गोष्ट. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणतं, हा वाद चालला होता. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेच्या निमित्ताने न्यूयॉर्कला ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजलं आणि लोकांना आवडलं, असं नेहरूंनी १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितलं. वाद्यवृंदावर, बँडवर वाजवता येणं हा त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा होता. इकडे आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर ‘वंदे मातरम्’सुद्धा बँडवर वाजू शकतं हे दाखवण्यासाठी झटत होते. निर्णय काय झाला ते आपण जाणतो. सांगायचं एवढंच, की नव्या राष्ट्राला आपला आवाज अनेक वाद्यांवर एकत्र ऐकायचा होता.

त्यातून १९५२ मध्ये दिल्लीत आकाशवाणीचं ‘वाद्यवृंद’ उभं राहिलं. पंडित रविशंकर त्याचे संचालक-संगीतकार. पुढे पन्नालाल घोष, अनिल विश्वास यांनीही ही धुरा सांभाळली. माहिती व प्रसारण मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपल्या पुण्याचे. सतार, सरोद, बासरी, व्हायोलिन, तबला, मृदंग एकत्र बसवायचे आणि रागाचं रागपण सोडायचं नाही, असा तो प्रयोग. अवघड काम! आपलं संगीत एका गळ्याचं, एका हाताचं. मींड कशी घ्यायची हे प्रत्येक घराण्याचं वेगळं. वीस जणांनी एकच मींड एकसारखी घ्यायची, तर ती आधी कुणीतरी ठरवली पाहिजे. म्हणजे कलावंताचं स्वातंत्र्य थोडं कापलं पाहिजे. रविशंकरांनी हे जाणून वाद्यांचे रंग आलटून-पालटून वापरले, कुठे सगळे, कुठे एकटा. त्या काळातलं हे खरं संशोधन होतं, आणि मला वाटतं आपल्या समीक्षेने त्याला पुरेसं श्रेय दिलेलं नाही.

पण इथेही एक गोम होती. हा वाद्यवृंद स्टुडिओत राहिला. लोकांनी त्याला समोर बसून फारसं ऐकलं नाही, त्यासाठी तिकीट काढलं नाही. आणि त्याच केसकरांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली. त्याच १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सगळा देश तिकडे वळला. गंमत बघा. देशाचा अधिकृत वाद्यवृंद दिल्लीत वाजत होता, आणि देश ज्या वाद्यवृंदावर खरोखर जीव टाकत होता, तो मुंबईत, सिनेमाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत वाजत होता.

त्या स्टुडिओत कोण बसलेलं होतं? मोठ्या प्रमाणात गोव्याची माणसं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि ही मंडळी ती कागदावर उतरवून व्हायोलिनला काय, चेलोला काय, ट्रंपेटला काय, हे वाटून द्यायची. शंकर-जयकिशनच्या गाण्यात तो व्हायोलिनचा जो समुद्र उसळतो ना, त्यामागे सेबॅस्टियन यांची लेखणी आहे. पडद्यावर मात्र या माणसांचं नाव क्वचितच यायचं.

यातल्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ काढला होता, हे किती जणांना माहीत आहे? मडगावजवळच्या माजोर्ड्याचा हा माणूस. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांचा गुरू. रागदारी आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकत्र आणायचे, लता मंगेशकर, मन्ना डे यांना एकल गायक म्हणून घ्यायचं, सिनेमातल्याच वादकांना रंगमंचावर बसवायचं, अशी कल्पना. कार्यक्रम झाले, पण पैशाचं पाठबळ टिकलं नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला निघून गेले. त्यांचं नाव उरलं ते ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका गमतीच्या गाण्यात. शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली आहे, पण देशाने मात्र त्यावर ताल धरला आणि माणूस विसरून गेला.

आता विचार करा, एवढ्याशा गोव्यातूनच इतके वादक का आले? रक्तात संगीत वगैरे मी मानत नाही. कारण सरळ आहे. पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकापासून, चर्चला जोडलेल्या गावच्या शाळा होत्या. तिथला मास्तर पोरांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचा. हेतू प्रार्थनेत गाणारी-वाजवणारी मुलं तयार करण्याचा होता, धर्माचा होता, सत्तेचाही होता. पण परिणाम काय? गरिबाघरचं पोरसुद्धा कागद वाचून वाजवू लागलं. मुंबईला आलं की त्या विद्येवर पोट भरू लागलं. मागची रांग घडली ती गावच्या शाळेत.

ही गोष्ट डोक्यात ठेवून तिसऱ्या प्रयत्नाकडे येऊ. जे.आर.डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ मध्ये मुंबईत राष्ट्रीय प्रयोगकला केंद्र, म्हणजे एनसीपीए, स्थापन केलं. त्याच संस्थेतले खुशरू सनटूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांना लंडनमध्ये ऐकलं, त्यांना मुंबईला बोलावलं, आणि २००६ मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ जन्माला आला. सरकारने नव्हे, एका खासगी संस्थेने काढलेला हा देशाच्या नावाचा वाद्यवृंद. साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबर असे वर्षाला दोन मोसम. मॉस्को, स्वित्झर्लंड, ब्रिटन इथे दौरे. २०२३ मध्ये खुद्द झुबिन मेहतांनी त्याचं संचालन केलं.

वादन चांगलं आहे का? आहे. २०१५ मध्ये या वाद्यवृंदासाठी झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो रचला. पेशकार म्हणजे तबल्याच्या एकल वादनाची सुरुवात, हळूहळू उलगडत जाणारी. तबला इथे पाहुणा म्हणून येत नाही. लयीची मांडणी तबल्याची, आणि वाद्यवृंद त्या लयीत बोलायला शिकतो. ‘पूर्व-पश्चिम संगम’ नावाखाली आपण जे गोडमिट्ट पुष्कळ ऐकलं, त्यापेक्षा हे काम कितीतरी प्रामाणिक आहे.

पण मोजपट्टी लावू. मागच्या रांगेत कोण? मुंबईत कायम राहणारा वादकांचा गट छोटा आहे. मोसम आला की उरलेल्या खुर्च्या परदेशातून, विशेषतः कझाकस्तान आणि त्या बाजूच्या देशांतून आलेल्या वादकांनी भरतात. यावर लोक कुत्सितपणे बोलतात, ‘नाव इंडियाचं, माणसं बाहेरची.’ मला हा टोमणा अपुरा वाटतो. १९३६ मध्ये ब्रोनिस्लाव्ह हुबरमन यांनी युरोपातून हाकललेल्या ज्यू वादकांना एकत्र करून तेल अवीवमध्ये वाद्यवृंद उभा केला. तोस्कानिनींनी पहिली मैफल केली. तोच आजचा इस्रायल फिलहार्मोनिक, ज्याचे आपले झुबिन मेहता १९७७ ते २०१९ संगीत दिग्दर्शक होते. तिथेही सगळे बाहेरचेच होते की! फरक एवढा, की ते तिथे राहिले आणि त्यांनी पुढची पिढी शिकवली. प्रश्न पासपोर्टचा नाही. वादक आल्या पावली परत जातो, की जाताना इथे दहा पोरं तयार करून जातो, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईच्या या संस्थेला हे कळलेलं आहे, हेही सांगायला हवं. तिने लहान मुलांसाठी संगीत अकादमी काढली, बिसेनगालिएव्ह आणि त्यांचे सहकारी शिकवतात. पण ती नरिमन पॉइंटला आहे, आणि देश नरिमन पॉइंटला संपत नाही. कालिम्पाँगच्या डोंगरात एका जेसुइट पाद्र्याने काढलेल्या गांधी आश्रम शाळेत मजुरांची मुलं व्हायोलिन शिकतात. सगळी वादक होत नाहीत, काही होतात. मागची रांग अशीच तयार होते.

आता वरठीकडे. हे गाव भंडारा रोड स्टेशनचं. हावडा-मुंबई गाड्या इथून जातात. पितळेशी भंडाऱ्याचं नातं जुनं. आणि पितळी वाद्य वाजवणारी माणसं आजही आपल्यात आहेत, ती लग्नाच्या बँडमध्ये. क्लॅरिनेट, ट्रंपेट ही त्याच सिंफनीची वाद्यं! बापाकडून पोराने कानाने उचललेली. लग्नसराई संपली की पेटीत बंद. झाडीपट्टीच्या नाटकात, दंडारीत वाजवणारे हात आहेत, उत्सवाच्या ऑर्केस्ट्रातली मुलं आहेत. कान आहे, हात आहे, दम आहे. नाही ते एकच. स्वरलेखन वाचायला शिकवणारा मास्तर, आणि बारा महिन्यांची भाकरी.

म्हणून माझं म्हणणं नीट ऐका. बँडवाल्याच्या मुलाला बीथोव्हन वाजवायला लावा, तरच तो मोठा, असं मी म्हणत नाही. त्याचं वाजवणं त्याच्या जागी पूर्ण आहे. पण ‘भारताचा वाद्यवृंद’ असं नाव जेव्हा कुणी घेतं, तेव्हा ते नाव एक वचन असतं. मेहलींच्या जिद्दीने, रविशंकरांच्या प्रयोगाने, अँथनींच्या स्वप्नाने आणि एनसीपीएच्या पैशाने त्या वचनाचा पुढचा भाग पाळला. पहिली खुर्ची भरली. मागची रांग भरायची तर जिल्ह्याच्या ठिकाणी एक संगीतशाळा, तिथे पगारी शिक्षक, आणि बँडमधल्या जाणत्या वादकाला शिक्षक म्हणून मान, इथून सुरुवात करावी लागेल. त्याला मोठं सभागृह लागत नाही. आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळी रिकाम्याच असतात.

माझं झालं. आता प्रश्न विचारा, आणि कुणी बँडमध्ये वाजवणारे बसले असतील तर आधी त्यांना बोलू द्या.