१ मार्च नावाचं जनुक

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, पेपर भरवशाचा आहे की नाही हे कसं ओळखायचं? जर्नलचं नाव बघायचं का?" आज त्यासाठी एकच उदाहरण घेतो, पण जरा खोलात जाऊन.

आपल्या पेशींत सेप्टिन नावाच्या प्रथिनांचं एक कुटुंब आहे. त्यातल्या एका जनुकाचं अधिकृत छोटं नाव होतं 'सेप्ट-२'. ते एक्सेलमध्ये टाकलं, की एक्सेल त्याचा २ सप्टेंबर करून टाकतं. विचारत नाही, सांगत नाही. 'बीएमसी बायोइन्फर्मॅटिक्स'मध्ये याबद्दलचा इशारा २००४ सालीच छापून आला होता. पुढे २०१६ मध्ये झीमन, एरेन आणि एल-ओस्टा यांनी 'जीनोम बायॉलॉजी'त दाखवलं, की अशा चुका साधारण एक पंचमांश पेपरांत आहेत.

आता थांबा. कशाचा एक पंचमांश? सगळ्या जनुकशास्त्राचा नव्हे. ज्या पेपरांना जनुकांच्या याद्या असलेल्या एक्सेल पुरवण्या जोडल्या होत्या, फक्त त्यांचा. शिवाय पुरवणीत नाव बिघडलं म्हणजे निष्कर्ष चुकलाच असंही नाही. मूळ गणित एक्सेलबाहेर झालेलं असू शकतं. मी स्वतः एकदा वर्गात "वीस टक्के पेपर चुकीचे" असं ठोकून दिलं होतं, तेही नुसता सारांश वाचून. लाज वाटते, पण झालं खरं.

२०२१ मध्ये झीमन यांच्याच गटाने पुन्हा मोजलं. गोषवाऱ्यात आकडा आहे ११,११७ पैकी ३,४३६, म्हणजे ३०.९ टक्के. लगेच म्हणाल, चुका दीडपट झाल्या! तसं नाही. या वेळी शोधणारं सॉफ्टवेअर सुधारलेलं होतं. एक्सेल तारखेला आतून पाच आकडी संख्या देतं. १ मार्च २०१६ म्हणजे ४२४३०. जनुकाच्या जागी अशी संख्या बसली असेल तर तीही आता पकडली जात होती. चाळणी बारीक केली की खडे जास्तच निघणार. हे दोन आकडे शेजारी ठेवून आलेख काढू नका. मात्र २०१६ नंतरही चुका थांबल्या नाहीत, हे लेखकांचं म्हणणं आहे आणि ते मला पटतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हे सगळे पेपर तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेले. मग पुरवणी कुणी उघडली? 'मार्च-१' आणि 'मार्क-१' ही दोन वेगळी जनुकं, पण एक्सेलमध्ये दोन्ही १ मार्चच होतात. नुसती पुरवणी हातात असेल तर यातलं मूळचं कुठलं, हे तुम्ही सांगूच शकत नाही. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली: 'सेप्टिन-२', 'मार्च-एफ-१'. सॉफ्टवेअर बदलण्याआधी जीवशास्त्र बदललं, काय म्हणायचं याला!

पण जुन्या पुरवण्या आहेत तशाच आहेत, आणि तुम्ही त्याच उतरवून घेणार. तर फाइल उघडा, नावांचा रकाना चढत्या क्रमाने लावा. तारखा आणि संख्या एकदम वर येतात. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने एकेक पुरवणी तपासून आणा. काय सापडलं ते इथेच बघू.