शंभरावरून शून्य

मोटारवेड्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "शून्यावरून शंभराला किती सेकंदांत?" २०१३ साली आलेली, चाकणची पोलो जीटी टीएसआय घ्या. १०५ अश्वशक्ती, दहा सेकंदांच्या आत शंभर! ऐकूनच ऊर भरून येतो. पण बारामतीहून इंदापूरला एकदा गळिताच्या हंगामात, रात्री जाऊन बघा. भवानीनगरच्या अलीकडे समोर उसाच्या दोन ट्रॉल्या. मागे दिवा नाही, पुढे टेप मात्र जोरात! तिथे अश्व काय कामाचे? लगाम हवा. वेग दुप्पट केला की थांबायला जागा चौपट लागते, हे गणित ट्रॉलीला माफ नाही. म्हणून सांगतो, गाडी घेताना आधी ब्रेक आणि टायर बघा, इंजिन मागाहून. शंभराला कोणीही पोचतो हो. उसाच्या अलीकडे शून्यावर येतो, तोच खरा ड्रायव्हर.