पर्याय, विनिमय आणि चव्हाटा

एकाच्या जागी दुसरा ठेवला असता अर्थ बिघडत नाही असे शब्द म्हणजे पर्यायशब्द, ही व्याख्या अध्यापनात इतकी रुळली आहे की तिची परीक्षा क्वचितच होते. ज्या शब्दांचा अर्थच ‘एकाच्या जागी दुसरे’ असा आहे, त्यांच्यावर ती लावून पाहणे उद्बोधक ठरते. इंग्रजी ‘इंटरचेंज’ या शब्दाला परस्पर अदलाबदल आणि मोठ्या रस्त्यांची जुळणी असे दोन अर्थ आहेत. पहिल्यासाठी अदलाबदल, देवघेव, विनिमय, साटेलोटे आणि दुसऱ्यासाठी चौक, नाका, फाटा, तिठा अशी रांग लावली की कोशकाराचे काम संपले, असा समज होणे सोपे आहे. वस्तुतः तेथून ते सुरू होते.

अमरकोशाच्या वैश्यवर्गात परिदान, परीवर्त, नैमेय, निमय हे शब्द एकत्र येतात. शृंगाटक आणि चतुष्पथ भूमिवर्गात शेजारी बसतात. अमरसिंहाची ही जुळवणी पाठांतरासाठी होती. तीत शब्दाचे लिंग सांगितलेले असते, प्रयोगाची मर्यादा नसते. रॉजेटच्या १८५२ च्या इंग्रजी ग्रंथात ‘इंटरचेंज’ हे स्वतंत्र शीर्षक आहे, आणि तेथेही तीच उणीव राहते. पाठांतराची सोय अर्थाची समता मानली गेली, हा दोष नंतरच्यांचा.

मराठीतील देवघेवीचे शब्द परस्परांपासून वेगळे होतात ते मुख्यतः काळ आणि ऋण या दोन गोष्टींनी. अदलाबदल एकाच क्षणी पुरी होते. मागे काही उरत नाही. उसने घेतलेली वाटीभर साखर साखरेनेच परत करावयाची असते, पण ती केव्हा, हे शेजारधर्मावर सोडलेले असते. शेतकरी एकमेकांच्या शेतात बैल व माणसे घेऊन राबतात, त्याला कोठे सावड तर कोठे पैरा म्हणतात. पैरा फेडावा लागतो. ‘फेडणे’ हे क्रियापदच सांगते की मधल्या काळात एक घर दुसऱ्याचे देणे लागत होते. या व्यवहाराला ‘श्रमविनिमय’ म्हटले की परिभाषा शुद्ध होते, पण ते देणे नाहीसे होते. विनिमय हा शब्द देवघेवीच्याच अर्थाच्या ‘मे’ धातूपासून आला आहे. चलनाचा दर किंवा वस्तुविनिमय सांगताना तो चोख काम देतो. बांधावर मात्र तो परका वाटतो.

साटेलोटे या शब्दाचे भाग्य आणखी निराळे. या घरची मुलगी त्या घरात व त्या घरची या घरात, असा तो विवाहसंबंध. आज राजकीय बातम्यांत त्याला संगनमताचा वास येतो. पालखीचा भार वाहताना होणारी खांदेपालट मंत्रिमंडळात शिरली. फेरपालट मात्र अजून पिकांशी इमान राखून आहे. गिरणगावात ‘बदली’ म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणारा माणूस, कचेरीत ‘बदली’ म्हणजे दुसऱ्या गावी रवानगी. एकच शब्द स्वतःचाही पर्याय होऊ शकत नाही, याहून स्पष्ट पुरावा कोणता?

रस्त्यांच्या शब्दांत गुंता अधिक. नाका मुळात जकातीचा, म्हणून थांबण्याचा. फाटा मुख्य वाटेतून फुटतो; तेथे वाटा समान नसतात. तिठ्यावर किंवा तिकटीवर उतारा ठेवतात, तो चौकात ठेवला असे सहसा म्हणत नाहीत. चौक वाड्याच्या आतही असतो. चव्हाट्यात चार वाटा आहेतच, शिवाय चार लोकांचे डोळे आहेत. म्हणून घरची भांडणे चव्हाट्यावर येतात, नाक्यावर येत नाहीत. कोकणातील कित्येक गावांत चव्हाटा हे देवस्थानही आहे.

यांपैकी एकही शब्द रस्त्याच्या ‘इंटरचेंज’चा पर्याय नाही, आणि याचे कारण रचनेतच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधील वुडब्रिज येथे १९२९ मध्ये चौपानी आकाराची पहिली जुळणी उभी राहिली. वाहनांना एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाता यावे, पण त्यांचे प्रवाह एकमेकांना छेदू नयेत, हा तिचा हेतू होता. म्हणून रस्ते वरखाली नेले. चौक होऊ नये म्हणूनच जी रचना झाली, तिला चौक म्हणणे हा केवळ सैलपणा नव्हे, उलटा अर्थ आहे. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाविषयीच्या मराठी मजकुरात ‘इंटरचेंज’ हा शब्द देवनागरीत तसाच वापरला जातो, तेव्हा त्याला आळस म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. ‘विनिमयमार्ग’ असा प्रतिशब्द घडवला, तर त्यात रस्ता दिसणार नाही, बाजार दिसेल.

जुनी नावे मात्र नव्या रचनेलाही दाद देत नाहीत. ठाण्याच्या तीन हात नाक्यावरून आणि पिंपरी-चिंचवडमधील नाशिक फाट्यावरून आता उड्डाणपूल गेले आहेत. खालचा नाका नाकाच आहे, आणि फाटा फाटाच.