कारखान्यातला पाहुणा कलाकार : यजमान नक्की कोण?

आधी एक खुलासा. मी आष्टीचा म्हटलं की लोकांना बीडची आष्टी वाटते. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथं ‘कंपनीत लागला’ म्हटलं की आधी जालन्याचे सळईचे कारखाने डोळ्यासमोर येतात. त्यामुळे ‘चालू कारखान्यात राहून काम करणारे कलाकार’ हा माझा पीएचडीचा विषय सांगितला, की गावाकडचा प्रश्न ठरलेला : तिथं कलाकाराचं काय काम?

प्रश्न रास्त आहे. 1960च्या दशकात लंडनमध्ये बार्बरा स्टिव्हेनी आणि जॉन लॅथम यांनी ‘आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुप’ काढला. कलाकाराने कंपनीत जायचं, पैसे कंपनीने द्यायचे, पण अमुकच बनव अशी अट नाही. ऐकायला झकास! पण परवानगी कोणाकडे मागायची? व्यवस्थापनाकडे. म्हणजे पाहुणा कामगारांच्या घरात येणार, आणि आमंत्रण देणार मालक.

या योजनेतून स्टुअर्ट ब्रिस्ली 1970मध्ये ‘हिल’ या फर्निचर कंपनीत गेला. तिथल्या 212 खुर्च्या एकात एक रचून त्याने मोठं चाक उभं केलं. देखणं आहे. पण मला त्याची दुसरी कृती मोठी वाटते. पॉलिशिंग खात्यातली यंत्रं त्याने कामगारांच्या आवडत्या फुटबॉल संघांच्या रंगांत रंगवून घेतली. निदान रंग तरी कामगारांनी ठरवला. मर्यादाही तिथंच दिसते : यंत्राचा वेग आणि पगार ठरवणारे तेच राहिले.

आता अमेरिकेतली ‘कोहलर’ बघा, नळ-बेसिनवाली. 1974पासून तिथं कलाकार येतात, कामगारांच्या शेजारी उभं राहून चिनी माती आणि ओतकाम करतात. वस्तू सुंदर होतात, यात वाद नाही. पण याच कंपनीत 1954ला सुरू झालेला संप वर्षानुवर्षं चालला होता. कारखाना म्हणजे नुसती भट्टी आणि साचे नव्हेत, हा झगडाही कारखानाच. तो बाजूला ठेवला, तर कामगाराचं कसब कलाकाराच्या हाती फक्त साहित्य म्हणून उरतं.

याच्या उलट आपला प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा, कोळसा खाणीत राबलेल्या घरातला. खाण म्हणजे कारखाना नव्हे, हे मान्य. पण तो कोळशानेच भिंतीवर खाणकामगार काढतो, तेव्हा त्याला आत शिरायला कोणाचा गेटपास लागत नाही. म्हणूनच त्या चित्रांत खाण दृश्य म्हणून येत नाही, घरचा हिशेब म्हणून येते.

म्हणून बाहेरच्याने जाऊच नये का? जावं की. फक्त उद्या जालन्यात एखाद्या रोलिंग मिलने कलाकार बोलावला आणि तुम्ही प्रदर्शन बघायला गेलात, तर आधी एवढंच विचारा : यातलं काय कामगारांनी ठरवलं? आणि शिफ्ट सुटल्यावर त्यांना हे बघायला आत सोडतात का?