जुनी जीप आणि शुद्ध पाठ

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग गांवीं नव्यानें सजविलेली एक जुनी उघडी जीप आम्हीं नुकतीच पाहिली. रंग लष्करी, छत कॅनव्हासचें, बॉनेटवर पांढरा तारा. ती १९४२ सालची अस्सल लष्करी गाडी असल्याचें मालकांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. पत्र्याचें काम निःसंशय सफाईदार होतें. परंतु अस्सलपणाचा दावा मात्र आम्हांस मान्य करतां आला नाहीं. त्याचें कारण वाङ्मयाच्या अभ्यासकांसही विचार करण्याजोगें आहे.

१९४१ ते १९४५ या काळांत विलीज कंपनीनें सुमारे साडेतीन लाख व फोर्डनें सुमारे पावणेतीन लाख लष्करी जिपा बांधल्या. विलीजच्या आरंभींच्या जिपांस पट्ट्या जोडून केलेली जाळी असे. पुढें फोर्डची, एकाच पत्र्यांतून दाबून काढलेली नऊ फटींची जाळी दोघांनींही पत्करली. पेट्रोल भरण्याचें तोंड चालकाच्या आसनाखालीं असे व मागें फाळका नसे. युद्धानंतरच्या मुलकी जिपेस मात्र सात फटी, मागें फाळका, आणि पेट्रोलचें तोंड बाहेरच्या बाजूस. वैरागच्या गाडीची जाळी नऊ फटींची होती खरी. पण फाळक्याच्या बिजागऱ्यांच्या खुणा रंगाखालून डोकावत होत्या, आणि बाजूचें तोंड लांबी भरून बुजविलेलें होतें. मुलकी देहावर लष्करी मुखवटा चढविला होता!

ग्रंथसंपादनांत यासच प्रक्षेप म्हणतात. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां तींत कोणीं आपल्या ओंव्या घालूं नयेत अशी ताकीदही दिली. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढतांना, जे पाठ स्वीकारले नाहींत तेही तळटीपांत जपून ठेविले. या दोन्ही शिस्ती जुन्या मोटारीसही लागू आहेत.

कुजलेला पत्रा बदलूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें जुना पत्रा सांधतां येतो, तेथें तो सांधावा. जेथें येत नाहीं, तेथें मूळ घडी, मूळ कड व मूळ छिद्रें मोजून नवा बसवावा, आणि त्याच्या आंतल्या बाजूस साल कोरावें. तळटीप ती हीच.

कारागिरास आम्ही दोष देत नाहीं. त्यानें सांगितलें तसें केलें. दोष आहे तो ग्राहकांच्या अभिरुचीचा. तिला युद्धाचा तारा हवा असतो, फाळका नको असतो. वस्तुतः विलीज जीप १९४७ मध्यें महिंद्र कंपनीनें येथें आणली, तेव्हांपासून या जातीच्या गाड्यांनीं आपल्या खेड्यांचे कच्चे रस्ते तुडविले आहेत. तो फाळका म्हणजे आपल्या मुलखाचा इतिहास होता. परक्या रणांगणाची खोटी आठवण मिळवण्यासाठीं घरची खरी आठवण लांबीखालीं पुरणें, यास आम्ही जीर्णोद्धार म्हणणार नाहीं.