मेंढपाळाचे जगणे आणि वाङ्मयीन मूल्य

सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यात वाङ्मयीन असे काय आहे, असा प्रश्न प्रस्थापित समीक्षा नेहमीच विचारते. मला कुर्दांचे उत्तर मोलाचे वाटते. १९३५ साली येरेवान येथे अरब शामिलोव्ह यांची ‘कुर्द मेंढपाळ’ प्रसिद्ध झाली. कुर्द भाषेतील ही पहिली कादंबरी मानली जाते. तिचा नायक सरदार नाही. मेंढरे राखणारा लेखक स्वतःच आहे. पुढे ती सोव्हिएत क्रांतीच्या गौरवाकडे झुकते, ही तिची मर्यादा मी नाकारत नाही. परंतु तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने १९९१ पर्यंत कुर्द भाषेत छापणेच गुन्हा होता. ज्या भाषेत आई, भाकरी, मेंढरू हे शब्द छापणे गुन्हा ठरतो, त्या भाषेत लिहिलेली साधी दिनचर्याही विद्रोहच असते. तिला निव्वळ दस्तऐवज म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी आपले निकष तपासावेत.