एका श्वासाचे गाणे

कॅनडात जन्मलेल्या नील यंग या गायकाचे 'हार्ट ऑफ गोल्ड' हे गाणे १९७२ साली 'हार्वेस्ट' या ध्वनिमुद्रिकेतून रसिकांसमोर आले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अर्धशतक लोटल्यावर अक्कलकोटातील आमच्या परिचयाचे काही तरुण हे गाणे बसवू पाहत आहेत. मांडीवर गिटार, गळ्यात तारेची चौकट आणि तिच्यात ओठांसमोर अडकवलेला माउथ ऑर्गन. घरची वडीलधारी मंडळी याला गोंगाट म्हणतात, मित्रमंडळी कसरत म्हणून टाळ्या वाजवतात. आमच्या मते दोघांच्याही कानांतून गाण्याचे मर्म निसटते आहे.

ही वाद्ये वेगवेगळ्या हातांत पाहण्याची सवय आपल्याला चित्रपटांनी लावली. 'दोस्ती' या १९६४ च्या चित्रपटात आंधळा मित्र गातो आणि अपंग मित्र माउथ ऑर्गन वाजवतो. प्रत्यक्षात ते वादन राहुल देव बर्मन यांचे. १९७५ च्या 'शोले'तील जयच्या ओठांवरची एकाकी धून भानू गुप्ता यांनी वाजवली. पण तेथे जय गात नाही, नुसता वाजवतो. भजनाला सरावलेल्या अक्कलकोटकराला मात्र एका माणसाने अनेक व्यवधाने सांभाळण्याचे नवल वाटू नये. एका हाती एकतारी, दुसऱ्या हाती चिपळ्या आणि मुखी अभंग, हे त्याच्या नित्य परिचयाचे. वासुदेवाचे उदाहरण तर अधिकच जवळचे. त्याने पावा ओठी लावला की गाणे थांबते. गाणे सुरू झाले की पावा कमरेला जातो. तोंड एकच असल्याची ही अडचण यंगच्या गाण्यात सौंदर्य होऊन बसली आहे.

माउथ ऑर्गन हे आपल्या बाजाच्या पेटीचेच धाकटे भावंड. दोन्हींत धातूच्या पातळ पट्ट्या हवेने कंप पावतात. फरक इतकाच, की पेटीचा भाता हाताने चालतो, येथे वादकाची छातीच भाता होते. फुंकर घातली की एक स्वर, श्वास ओढला की दुसरा. जी पट्टीच्या वाद्यावर जी हा षड्ज मानला, तर फुंकरीत सा, ग, प मिळतात आणि खालच्या चार छिद्रांतून श्वास ओढला की रे, प, नी. गिटारवर कडव्यात ई मायनर, सी, डी, जी अशा कॉर्ड येतात. म्हणजे धैवतापासून निघून मध्यम व पंचमावरून षड्जाला घरी परतणे. शब्द सुवर्णहृदयाचा शोध घेणाऱ्या प्रवाशाचे आहेत, आणि स्वरही तसेच वणवण करून घरी येतात. कडवे संपले की गळा विसावा घेतो, आणि त्याच वाटेने शब्दांवाचून माउथ ऑर्गन चालू लागतो. गाताना खर्ची पडलेला श्वासच जणू तेथे ऐकू येतो.

या गाण्याचा पूर्वेतिहास येथे उद्बोधक ठरतो. १९ जानेवारी १९७१ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये यंगने ते पियानोवर, दुसऱ्या एका गाण्याला जोडून गायले होते. पुढच्याच महिन्यात नॅशव्हिल येथे गिटार व माउथ ऑर्गनसह त्याचे ध्वनिमुद्रण झाले. पाठीच्या दुखण्यामुळे त्या काळी जड विद्युत गिटार घेऊन उभे राहणे यंगला कठीण जात असे. पियानोवर ते एखाद्या मोठ्या रचनेचे शेपूट वाटते. नॅशव्हिलमध्ये ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

आता आमच्या तरुणांविषयी. ते छिद्रांचे आकडे पाठ करतात, कुठे फुंकायचे आणि कुठे ओढायचे याच्या खुणा वहीत लिहितात. ते ठीकच, पण गिटारचा ठेका हातात इतका मुरला पाहिजे, की डोके दुसरीकडे असतानाही तो ढळू नये. मूळ ध्वनिमुद्रणात ड्रम, बास आणि पेडल स्टील गिटार साथीला आहेत. एकट्या वादकाला तो सारा भार उजव्या हातावर घ्यावा लागतो. ते साधले नाही, तर माउथ ऑर्गन ओठी येताच ठेका धावू लागतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. गाण्यात जिथे जिथे रिकामी जागा दिसते, तिथे तिथे ही मुले फुंकर भरतात. मग शब्दांना टेकायला जागा उरत नाही. (वाद्य घेताना दुकानदार बहुधा सी पट्टीचे पुढे करतो. तेच हाती असेल, तर गिटारच्या पाचव्या पडद्यावर कॅपो लावून त्याच कॉर्ड वाजवता येतात. मात्र गळ्याला वर चढावे लागते.)

वडीलधाऱ्यांच्या संशयाचेही थोडे ऐकू या. गळ्यात माउथ ऑर्गन अडकवून गाण्याची रीत जगभर पोहोचवली ती बॉब डिलन यांनी. 'हार्ट ऑफ गोल्ड' आपल्यासारखेच वाटते, म्हणून त्यांना ते खटकत असे. याच डिलन यांनी २७ सप्टेंबर १९९७ रोजी बोलोन्या येथे युखरिस्तीय परिषदेच्या निमित्ताने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर गायन केले, आणि पोपमहोदयांनी त्यांच्या वाऱ्यावरील गाण्याचा धागा पकडून तरुणांना पवित्र आत्म्याच्या श्वासाविषयी सांगितले. कार्डिनल रॅट्झिंगर यांना मात्र असे गायक तेथे बोलावणे रुचले नव्हते. पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाल्यावर, २००७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते मोकळेपणाने नोंदवले. दोन थोर पुरुषांत जिथे मतभेद झाला, तिथे आमच्या घरांतून तो व्हावा यात वावगे काही नाही. फक्त आधी गाणे पुरते ऐकलेले असावे.

ऐकल्यावर दोषही दिसतील. शब्द मोजके आणि काहीसे विरळ आहेत. पंचविशीतल्या गायकाने वार्धक्याची खंत करावी, हे आम्हांस थोडे उसने वाटते. पण शेवटी जेम्स टेलर आणि लिंडा रॉन्स्टॅट यांचे स्वर येऊन मिळतात, तेव्हा एकट्याची वाटचाल सोबतीची होते. एकट्याने वाजवताना ही जागा कोरीच राहते. अक्कलकोटच्या मुलांनी तेथे शेजारच्या मित्राला आणि एखाद्या बहिणीला गायला बोलवावे, असे आम्ही त्यांना सुचवले आहे.